ब्राझीलच्या ताटामागचे हात : प्रकल्प नोंदी

9 जून 2025

ब्राझीलच्या खाद्यपरंपरांवरील भित्तिफलक आणि त्यांच्यासोबत द्यायची छोटी पुस्तिका, या कामाला आज सुरुवात केली. फलक पुण्यातील एका वाचनालयात लागणार आहेत. पाहायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ब्राझील म्हटले की फुटबॉल, कॉफी आणि कार्निव्हल एवढेच आठवते, हे गृहीत धरून लिहायचे आहे. वाचनालयाने दिलेल्या टिपणात मूलनिवासी, पोर्तुगीज आणि आफ्रिकी असे तीन रकाने आखलेले आहेत आणि प्रत्येक पदार्थ त्यांपैकी एकात बसवावा, अशी अपेक्षा आहे. तीन वंशांच्या संगमातून राष्ट्र घडले, हे कथन ब्राझीलमध्येही दीर्घकाळ प्रचलित आहे आणि 1930 च्या दशकात ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयरी यांच्या लेखनामुळे त्याला मोठी प्रतिष्ठा मिळाली, म्हणून टिपणात ते आले यात नवल नाही. मात्र या मांडणीतून तीन माणसे राजीखुशीने एका पंगतीला बसली आणि आपापले पदार्थ वाटून घेऊ लागली, असा समज होतो, आणि तो मला मान्य नाही. सुमारे 48 लाख आफ्रिकी स्त्री-पुरुष गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. त्यांची आयात रोखणारा कायदा 1850 मध्ये परिणामकारकपणे लागू झाला, आणि गुलामगिरी स्वतः संपायला 13 मे 1888 उजाडावा लागला. अमेरिका खंडांत ती सर्वांत शेवटी संपली ती इथेच. किनाऱ्यावरचे तुपी भाषक मूलनिवासी समाज त्याआधीच रोगराई, युद्धे आणि सक्तीची मजुरी यांनी उद्ध्वस्त झाले होते. जे अन्न आज ‘मिश्र’ म्हणून कौतुकाने वाढले जाते, ते या परिस्थितीत शिजलेले आहे.

म्हणून कामाचा एक नियम ठरवला. प्रत्येक पदार्थाच्या मजकुरात माल कुठून आला, कृती कोणाची आणि ती करणारी माणसे त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. रकाने ठेवायचे की काढायचे, याचा निर्णय मजकूर हाती आल्यावर घेऊ.

14 जून 2025

पहिला फलक कसावा या कंदाचा. 22 एप्रिल 1500 रोजी पेद्रो आल्व्हारिस काब्राल यांचा ताफा आजच्या बाहिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याला लागला, तेव्हा तो खरे तर भारताकडे निघालेला होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतला पोहोचला. ताफ्यावरील लेखनिक पेरू वाज दि कामिन्या यांनी 1 मे 1500 रोजी राजाला लिहिलेल्या पत्रात तिथल्या लोकांच्या खाण्याचे वर्णन आहे. ही माणसे नांगरत नाहीत, गुरे पाळत नाहीत, आणि जमिनीत भरपूर येणारे एक कंद खाऊन आमच्याहून धडधाकट आहेत, असे ते सांगतात. कामिन्या यांना तो कंद ओळखीच्या सुरणासारखा वाटला. अभ्यासकांच्या मते तो कसावाच होता. पाहुण्यांनी दिलेली भाकरी, मासे आणि मिठाई त्या लोकांनी चाखून थुंकून टाकली, हेही त्या पत्रात आहे.

कडू कसावात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे तो नुसता उकडून खाता येत नाही. मूलनिवासी स्त्रियांनी त्यावर जी प्रक्रिया बसवली, ती या संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोठी बौद्धिक कामगिरी आहे, असे माझे मत झाले आहे, आणि फलकावर तिला सर्वाधिक जागा द्यायची आहे. कंद सोलून किसतात. ओला कीस तिपिती नावाच्या, वेताच्या किंवा ताडवर्गीय पानांच्या लांब विणलेल्या नळीत भरतात. ही नळी वरच्या टोकाने आढ्याला टांगून खालचे टोक दांडीने ओढले की तिची वीण आवळत जाते, नळी लांब आणि अरुंद होते आणि विषारी रस खाली ठेवलेल्या भांड्यात गळतो. नळीत राहिलेला कोरडा चोथा चाळून मोठ्या तव्यावर सतत हलवत भाजला की फरिन्या, म्हणजे रवाळ पीठ, तयार होते, आणि ते महिनोन्महिने टिकते. गळालेल्या रसाच्या तळाशी पांढरे सत्त्व बसते, ते वेगळे काढतात. वर उरलेला पिवळा रस आंबवून आणि बराच वेळ उकळून निर्धोक करतात. त्यालाच तुकुपी म्हणतात. एका विषारी कंदापासून पीठ, सत्त्व आणि रस असे तिन्ही अन्नप्रकार काढून घेणारी ही पद्धत काहीच वाया जाऊ देत नाही.

पोर्तुगीजांना गव्हाच्या भाकरीची सवय होती, पण उष्ण किनाऱ्यावर गहू येईना, तेव्हा वसाहतीचे पोट याच पिठावर भरू लागले. उसाच्या मळ्यांवर हेच पीठ होते, सैनिकांच्या शिध्यात हेच होते, आणि गुलामांना घेऊन येणाऱ्या जहाजांवरही हेच पीठ अन्न म्हणून भरले जाई. ज्यांनी ही कृती घडवली त्या समाजांचे ज्ञान त्यांनाच भुईसपाट करणाऱ्या व्यवस्थेचे इंधन झाले, हे वाक्य मी फलकावर ठेवणार आहे.

उत्तरेकडील पारा राज्यातील बेलेम शहरात कसावाचा पाला दळून, तो सुमारे आठवडाभर शिजवून मानिसोबा करतात. पानांतले विष इतक्या शिजण्यानेच जाते. पुढे त्यात डुकराचे आणि गाईचे खारवलेले मांस घालतात, आणि हे मांस अर्थातच पोर्तुगीजांबरोबर आलेले आहे. हा पदार्थ तिथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, सिरियो दि नाझारे या मारियामातेच्या उत्सवात घरोघर होतो. उत्सव 1793 पासून चालू आहे आणि 2013 मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्याच दिवशी तुकुपीत शिजवलेले बदकही असते. शिवाय रस्त्यावर तुंब्यासारख्या दिसणाऱ्या एका झाडाच्या फळाच्या टणक कवचाच्या वाटीत ताकाका मिळते, म्हणजे गरम तुकुपी, सत्त्वाची खळ, सुकी कोळंबी आणि जांबूची पाने. जांबू ही आपल्याकडे दातदुखीला चघळतात त्या अक्कलकाढ्याच्या जातकुळीतील वनस्पती असून तिने जीभ आणि ओठ मुंग्या आल्यासारखे बधिर होतात. उत्सव कॅथलिक, पण ताट ॲमेझॉनच्या मूळ रहिवाशांचे. तीन रकान्यांपैकी हा पदार्थ कुठे बसवायचा, या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही, आणि ते मिळण्याची गरजही आता वाटत नाही.

20 जून 2025

कसावाच्या फलकाला महाराष्ट्राशी जोडणारा दुवा ओढूनताणून आणावा लागत नाही. पोर्तुगीजांनी हा कंद आफ्रिकेत नेला आणि भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरही आणला. केरळात तो रोजच्या अन्नाचा भाग झाला, आणि 1940 च्या दशकात तमिळनाडूतील सेलम परिसरात त्याच्या सत्त्वापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. एकादशीला आणि चतुर्थीला आपण जी खिचडी खातो, तिचे मूळ द्रव्य दक्षिण अमेरिकेतील त्या स्त्रियांच्या ज्ञानातून आलेले आहे, ही गोष्ट फलकाच्या तळाशी स्वतंत्र चौकटीत येईल.

आज मीनास जेराइस राज्यातील पाव दि केजो, म्हणजे चीजचा छोटा गोल पाव, करून पाहिला. अठराव्या शतकात सोन्याच्या खाणींमुळे हा डोंगराळ प्रदेश गजबजला. तिथे गहू दुर्मीळ होता, कसावाचे सत्त्व मात्र मुबलक होते आणि गाईच्या दुधाचे चीज घरोघर होत असे. सत्त्वावर उकळते दूध आणि तेल ओतून उकड काढतात, ती कोमट झाल्यावर अंडी आणि किसलेले चीज मळून लिंबाएवढे गोळे भट्टीत ठेवतात. आपल्याकडे मिळणारे साधे सत्त्व वापरले तर गोळे फुगतात, पण आतून दाट राहतात. मूळ कृतीतील सत्त्व आधी पाण्याखाली आठवड्यांपर्यंत आंबवलेले आणि नंतर उन्हात वाळवलेले असते, आणि त्या आंबण्यामुळे आणि उन्हामुळे त्याला यीस्टशिवाय फुगण्याचे सामर्थ्य येते. पुस्तिकेतील कृतीत हा फरक स्पष्ट लिहिला पाहिजे. मीनास जेराइसचे पारंपरिक चीज करण्याची पद्धत डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. चीजला मान मिळाला याचा आनंद आहे, आणि त्याच भट्टीतले सत्त्व करणाऱ्यांचे नावही त्याच्या शेजारी लिहिले जावे, असे वाटते.

24 जून 2025

आज सेंट जॉनचा दिवस, म्हणून जून महिन्यातील सणांचा मजकूर हातावेगळा केला. 13 जूनला संत अंतोनियो, 24 ला संत जॉन आणि 29 ला संत पेद्रो असे हे सण आहेत आणि शेकोट्या पेटवण्याची चाल त्यांच्याबरोबर पोर्तुगालहून आली. युरोपात तो ऐन उन्हाळा असतो, ब्राझीलच्या ईशान्य भागात मात्र हा मक्याच्या कापणीचा काळ. तिथला शेतकरी 19 मार्चला, संत जोसेफच्या दिवशी, पाऊस होईल या आशेने मका पेरतो आणि जूनमध्ये कोवळी कणसे काढतो. त्यामुळे संत युरोपचे, पण जेवण सगळे मक्याचे, आणि मका शिजवण्याची रीत मूलनिवासींची. कोवळा मका किसून, त्याच्याच पानात बांधून उकडला की पामोन्या होते; त्याच किसाची दुधात आटवलेली खीर आणि त्याचाच केकही असतो. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच, तेव्हा शेंगदाणे आणि उसाचा पाक यांची आपल्या चिक्कीसारखी वडी तिथेही असावी, हे साहजिक आहे. मुले-माणसे फाटक्या ठिगळांचे कपडे घालून जे सामूहिक नृत्य करतात, ते मात्र फ्रेंच दरबारी नाचातून आलेले असून त्यातील फर्माने अजूनही मोडक्या फ्रेंचमध्ये दिली जातात. काम्पिना ग्रांदे आणि कारुआरु ही दोन शहरे या सणासाठी देशभर ओळखली जातात.

3 जुलै 2025

साखरेच्या फलकासाठी पोर्तुगीज अधिकारी मार्तिं आफोंसो दि सोझा यांच्या चरित्रातून सुरुवात करायचे ठरवले, कारण त्यांच्यामुळे ब्राझील आणि गोवा एकाच माणसाच्या कारकिर्दीत येतात. 1532 मध्ये त्यांनी साओ विसेंती ही ब्राझीलमधील पहिली कायम वसाहत स्थापली आणि तिथे उसाच्या चरकांना चालना दिली. पुढे 1534 मध्ये ते भारताच्या समुद्रातील कप्तान म्हणून आले, त्यांच्या ताफ्यातून गार्सिया द ओर्ता हे वैद्य गोव्याला पोहोचले, आणि 1542 ते 1545 या काळात सोझा स्वतः गोव्यातून पोर्तुगीज भारताचे गव्हर्नर होते. साम्राज्याचे अधिकारी, बिया, कलमे आणि गुलाम हे सारे एकाच सागरी मार्गांवरून फिरत होते. काजू ब्राझीलहून गोव्यात आला आणि कोकणच्या डोंगरउतारांवर पसरला. पुढे गोव्यात त्याच्या बोंडापासून फेणी गाळली जाऊ लागली. उलट दिशेने आंबा आणि फणस तिकडे गेले. नारळ मूळचा आपल्याकडच्या समुद्रांचा, पण तो 16व्या शतकाच्या मध्यास केप व्हर्दे बेटांवरून बाहियात पोहोचला.

साखर आली आणि पोर्तुगीज मठांतील अंड्याच्या पिवळ्या बलकाची मिठाई ब्राझीलमध्ये रुजली. पोर्तुगालात या मिठाईत बदाम असतो. ईशान्य ब्राझीलमध्ये बदाम मिळेना, म्हणून त्याच्या जागी किसलेला नारळ आला आणि किंदिम नावाची चकचकीत पिवळी मिठाई तयार झाली. बलक आणि साखर पोर्तुगीज, नारळ आशियाचा आणि ढवळणारा हात बहुतेक वेळा गुलाम स्त्रीचा. साखरेचा पाक ज्या उसाचा, तो तोडणारे आणि चरकावर रात्रपाळी करणारेही तेच लोक. म्हणून गोडाच्या फलकावर मळ्यातील कामाचे चित्र असलेच पाहिजे, असा आग्रह मी आजच्या बैठकीत धरला आणि तो मान्य झाला.

12 जुलै 2025

आकाराजे करून पाहण्याचा दिवस. हा बाहियाचा आणि विशेषतः साल्वादोर शहराचा पदार्थ, त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या चवळीच्या वड्यात. चवळी रात्रभर भिजवून सोलायची असते, आणि खरे कष्ट इथे आहेत. भिजलेले दाणे दोन्ही हातांत चोळायचे, पाणी घालायचे, वर तरंगलेली साले ओतून टाकायची आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत, दाण्याच्या मध्यावरचा काळा डोळा साफ जाईपर्यंत, हे चालू ठेवायचे. तो डोळा राहिला तर पीठ मळकट होते. सोललेली चवळी अगदी थोड्या पाण्यात बारीक वाटून, त्यात कांदा आणि मीठ घालून लाकडी डावाने फेटतात. फेटता फेटता पीठ पांढरे, हलके आणि दुप्पट होत जाते. चमच्याने तेलात सोडले की आतून जाळीदार राहते. पूर्वी ही चवळी दगडावर वाटली जाई.

तेलाचा प्रश्न मात्र सुटला नाही. आकाराजे देन्देतच तळायचे असते. हे आफ्रिकी तेलताडाच्या फळातून काढलेले, न गाळता ठेवलेले गडद नारिंगी तेल असून त्याला स्वतःचा जड, मातकट वास असतो. साल्वादोरच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर हे ताड रानात आल्यासारखे वाढतात आणि त्या भागाला देन्देचा किनारा असेच म्हणतात. आपल्या बाजारात मिळणारे शुद्ध केलेले पामतेल त्याच झाडाचे, पण रंग आणि वास काढून टाकलेले. त्यात तळलेले वडे चविष्ट झाले, सहकाऱ्यांनी आवडीने खाल्ले, तरी त्यांना आकाराजे म्हणणे योग्य होणार नाही.

तळलेला वडा मधोमध चिरून त्यात वातापा भरतात. वातापाची सामग्री फलकावर जशीच्या तशी यावी: भिजवलेला पाव पोर्तुगीजांचा, शेंगदाणे आणि काजू दक्षिण अमेरिकेचे, नारळाचे दूध आणि आले आशियाचे, देन्दे आफ्रिकेचे, सुकी कोळंबी तिथल्याच पाण्यातली. एका भांड्यात इतक्या खंडांचा माल एकत्र आला, तो मानवी देहांच्या व्यापारासाठी धावणाऱ्या जहाजांमुळे आला.

15 जुलै 2025

आकाराजे विकणाऱ्या स्त्रियांना बाहियात बायाना म्हणतात. पांढरा घेरदार घागरा, डोक्याला गुंडाळलेले वस्त्र, गळ्यात मण्यांच्या माळा आणि समोर काचेची किंवा लाकडी पेटी, हा त्यांचा वेश. त्यांच्या व्यवसायाचा इतिहास गुलामगिरीच्या काळापर्यंत जातो. शहरातील मालक आपल्या गुलाम स्त्रियांना रस्त्यावर पदार्थ विकायला पाठवत, ठरलेली रक्कम रोज मालकाला द्यावी लागे आणि वर जे उरेल ते त्या स्वतःकडे ठेवत. त्या उरलेल्या पैशातून अनेकींनी स्वतःची, मुलांची, कधी सोबतिणींची मुक्ती विकत घेतली. वड्याच्या एका घाण्यामागे इतके मोठे काही असू शकते, हे वाचकाला कळले पाहिजे, म्हणून हा परिच्छेद लहान करायचा नाही.

2005 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने या व्यवसायाला अमूर्त राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले. एवढे होऊनही फिफाच्या स्पर्धांच्या वेळी साल्वादोरच्या फॉन्ती नोव्हा मैदानाभोवती प्रायोजकांशिवाय इतरांना विक्री करण्यास मनाई होणार होती. बायानांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली आणि 2013 मध्ये सहा जणींना मैदानाच्या आवारात विक्रीची परवानगी मिळाली. वारसा म्हणून गौरवायचे आणि विकायला जागा मात्र नाकारायची, ही विसंगती त्या स्त्रियांनी उघडपणे मांडली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

23 जुलै 2025

आकाराजे मुळात नैवेद्य आहे, आणि हे सांगितल्याशिवाय बाहियाचे अन्न समजत नाही. कांदोंब्ले हा आफ्रिकेतून आलेल्या देवतांचा धर्म. त्यात वाऱ्याची आणि वादळाची देवता यान्सां हिला आकाराजे अर्पण करतात. शांगो या मेघगर्जनेच्या देवाला भेंडीचा आमाला लागतो. ओशाला या ज्येष्ठ देवाला देन्दे वर्ज्य, त्याला पांढरेच अन्न, उदाहरणार्थ केळीच्या पानात गुंडाळलेला पांढऱ्या मक्याचा आकासा. शुक्रवार ओशालाचा, म्हणून साल्वादोरमध्ये आजही अनेक जण त्या दिवशी पांढरे कपडे घालतात. देवळातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र पद आणि मान असतो. कोणती देवता काय खाते, कोणत्या दिवशी, कशात शिजवलेले, याची माहिती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली, आणि म्हणूनच योरुबा प्रदेशातील पाककृती महासागरापलीकडे इतक्या तपशिलात टिकल्या, असे मला वाटते.

पोलिसांच्या धाडींत ही देवळे लुटली जात. बाहियात 1976 पर्यंत त्यांना पोलिसांकडे नोंदणी करणे भाग होते. 1984 मध्ये साल्वादोरमधील कासा ब्रांका या देवळाला राष्ट्रीय वारशाचे संरक्षण मिळाले, आणि असे संरक्षण मिळालेले ते पहिले कांदोंब्ले देऊळ.

कॅथलिक संतांच्या आडोशाने या देवता पुजल्या गेल्या, याचे सर्वांत लोभस उदाहरण 27 सप्टेंबरचे आहे. कोस्मे आणि दामियां हे जुळे संत योरुबांच्या जुळ्या बालदेवांशी एकरूप झाले. त्या दिवशी बाहियातील घरांत कारुरू शिजतो, म्हणजे बारीक चिरलेली भेंडी, सुकी कोळंबी, शेंगदाणे, काजू आणि देन्दे. पहिले वाढणे सात लहान मुलांना, जमिनीवर मोठे ताट ठेवून, हाताने खाऊ घालतात. मोठ्यांची पंगत त्यानंतर. नवस फेडण्यासाठी घरातील सगळे मिळून भेंडी चिरायला बसतात, आणि शेजारीही आपापल्या सुऱ्या घेऊन येतात. आपल्याकडच्या कुळाचारांतील कुमारिकांच्या जेवणाची आठवण होणारच, परंतु फलकावर ती तुलना घालायची नाही असे ठरले, कारण त्या दोन प्रथांमध्ये काहीच ऐतिहासिक संबंध नाही.

मानुएल केरीनु यांचे नाव या फलकावर असावे. 1851 मध्ये बाहियात जन्मलेले हे कृष्णवर्णीय अभ्यासक 1923 मध्ये वारले, आणि बाहियाच्या पाककलेवरील त्यांचे पुस्तक 1928 मध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकी स्वयंपाकिणींचे श्रेय त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले, आणि तेही अशा काळात जेव्हा सुशिक्षित समाज त्याकडे तुच्छतेने पाहत होता.

2 ऑगस्ट 2025

फेजुआदावरून बैठकीत बरीच चर्चा झाली. काळे घेवड्याचे दाणे, डुकराचे कान, पाय, शेपूट, खारवलेले मांस, सोबत भात, कोबीच्या कुळातील चिरलेली पालेभाजी, भाजलेले कसावाचे पीठ आणि संत्र्याच्या फोडी, असा हा ब्राझीलचा राष्ट्रीय पदार्थ. रिओत आणि साओ पाउलोत शनिवारचा फेजुआदा हा रिवाज आहे. मालकांनी टाकून दिलेले मांसाचे तुकडे गुलामांनी घेवड्यात शिजवले आणि त्यातून हा पदार्थ निघाला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक लुईस दा कामारा कास्कुदो यांनी 1960 च्या दशकात ती तपासून नाकारली. डुकराचे कान-पाय पोर्तुगालमध्ये आवडीने खाल्ले जात, टाकून दिले जात नसत. शेंगवर्गातील दाणे आणि मांस एकत्र शिजवण्याच्या पद्धती युरोपात जुन्या आहेत. आणि 19व्या शतकाच्या पूर्वार्धातील रेसिफेच्या वृत्तपत्रांत फेजुआदाच्या जाहिराती सुस्थितीतील गिऱ्हाइकांसाठी दिसतात. मळ्यांवरील गुलामांच्या वाट्याला बहुधा घेवडा, कसावाचे पीठ आणि थोडे सुके मांस येई.

एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की लोकप्रिय कथा काढून टाकली तर आफ्रिकी लोकांचे श्रेय कमी होईल. माझे मत वेगळे आहे. उरल्यासुरल्यातून केलेले अन्न, एवढीच जागा त्यांना देणारी ही कथा त्यांना मोठे करत नाही. आकाराजे, कारुरू आणि वातापा यांत त्यांची विद्या पुराव्यानिशी उभी आहे, ती मांडावी. फेजुआदाबाबत मूळ युरोपीय पद्धत, अमेरिकेचा घेवडा, मूलनिवासींचे पीठ आणि घराघरांत तो शिजवणाऱ्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणी, असे लिहायचे ठरले. दोन तळटिपा मात्र मला आवर्जून द्यायच्या आहेत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, घालून फेजुआदा होतो, तो याच पोर्तुगीज मुळाचा भाऊ. आणि हा काळा घेवडा आपल्या साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याच्याच प्रजातीचा आहे, आणि ती प्रजाती अमेरिकेतून आलेली आहे.

9 ऑगस्ट 2025

मोकेका या माशाच्या रश्शाच्या दोन रीती शेजारी शेजारी दाखवायच्या आहेत. बाहियात देन्दे आणि नारळाचे दूध असते. दक्षिणेकडील एस्पिरितु सांतु राज्यात दोन्ही वर्ज्य, तिथे शेंद्रीच्या बियांचा रंग, ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि कोथिंबीर. दोन्ही राज्यांतील लोक आपलीच मोकेका खरी, असे ठामपणे सांगतात.

दुसऱ्या रीतीत भांड्याला महत्त्व आहे. व्हितोरिया शहरातील गोयाबेइरास भागातील कुंभारणी चाकाशिवाय, हाताने माती घडवून काळी मडकी करतात. उघड्यावर लाकडांच्या भट्टीत ती भाजतात आणि लालबुंद असतानाच कांदळाच्या सालीच्या अर्कात बुडवलेल्या झुडपाच्या कुंच्याने त्यांवर फटकारे मारतात. अर्कातील टॅनिनमुळे मडके काळे होते आणि पाझरत नाही. ही कला मूलनिवासींकडून आलेली असून ती प्रामुख्याने आईकडून मुलीकडे जाते. 2002 मध्ये ब्राझीलने अमूर्त वारशाची अधिकृत नोंद सुरू केली तेव्हा पहिला मान तिला मिळाला.

16 ऑगस्ट 2025

19व्या आणि 20व्या शतकांतील स्थलांतरितांचा मजकूर थोडक्यात आटोपला. इटालियन, जर्मन, सिरियन-लेबनीज, आणि 18 जून 1908 रोजी कासातो मारू जहाजातून सांतोस बंदरात उतरलेले 781 जपानी. साओ पाउलोतील कोणत्याही बेकरीत एस्फिया ही मांस पसरलेली छोटी रोटी आणि किबी हा मांसाचा तळलेला वडा असे लेबनीज पदार्थ मिळतात, आठवडी बाजारात सारण भरून तळलेले कुरकुरीत पास्तेल आणि उसाचा रस. या लोकांनाही कष्ट पडले, कॉफीच्या मळ्यांवर त्यांच्यावर अन्यायही झाला, तरी ते मजुरी ठरवून आलेले होते. आधीच्या फलकांशी त्यांची बरोबरी करणे बरोबर नाही, म्हणून त्यांना स्वतंत्र फलक दिला.

भारतातून गेलेल्या गोष्टींची चौकट मात्र वाढवली. ब्राझीलच्या मांसाच्या कळपांत सर्वाधिक दिसणारी नेलोरी जात आंध्रातील ओंगोल गाईपासून आलेली आहे, आणि दुधासाठी पाळली जाणारी जीर आपल्या गीर गाईपासून. रिओ शहरातल्या तिजुका वनात फणस इतका माजला आहे की स्थानिक झाडांना जागा उरत नाही, आणि शहरांतले शाकाहारी लोक कोवळ्या फणसाचे सारण भरून कोशिन्या, म्हणजे एरवी कोंबडीचे सारण असणारे तळलेले गोळे, तळतात.

25 ऑगस्ट 2025

शेवटच्या फलकाचा विषय कार्निव्हल, परंतु तो अन्नाच्या वाटेने. पोर्तुगालातील एन्त्रुदो या उपवासकाळाआधीच्या दंग्यात लोक एकमेकांवर पाणी आणि पीठ उडवत. तीच प्रथा ब्राझीलमध्ये गेली आणि गोव्यात ‘इंत्रूज’ या नावाने राहिली. रिओचा आजचा कार्निव्हल ज्या सांबावर उभा आहे, त्याला आकार बाहियातून तेव्हाच्या राजधानीत, म्हणजे रिओत, आलेल्या स्त्रियांच्या घरांत आला. त्यांपैकी इलारिया बातिस्ता दि आल्मेइदा, लोकांच्या तोंडी तिया सियाता, यांचा जन्म 1854 मध्ये बाहियात झाला. त्या बायानाच्या पोशाखात रिओच्या रस्त्यांवर मिठाई विकत, कांदोंब्लेच्या विधींत त्यांना मान होता, आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या वादकांमधून 1916 मध्ये नोंदवले गेलेले गाजलेले सांबा-गीत आकाराला आले. 1924 मध्ये त्या वारल्या. सांबा शाळांच्या, म्हणजे कार्निव्हलमधील नृत्यमंडळांच्या, मिरवणुकीत आजही बायानांचे स्वतंत्र पथक असावेच लागते. पांढरे घागरे गरगर फिरवत जाणाऱ्या त्या वयस्कर स्त्रिया मिठाई आणि आकाराजे विकणाऱ्यांच्या परंपरेतल्याच आहेत.

4 सप्टेंबर 2025

रकाने काढून टाकण्याचा प्रस्ताव वाचनालयाने मान्य केला. फलक आता कसावा, मका, साखर, देन्दे, घेवडा, मडके, आलेली-गेलेली झाडे-जनावरे, स्थलांतरित आणि रस्ता, अशा क्रमाने लागतील. प्रत्येक फलकावर उजव्या खालच्या कोपऱ्यात तो पदार्थ करणाऱ्यांविषयी निदान चार ओळी असतील, आणि आकार लहान करावा लागला तरी त्या ओळी कापायच्या नाहीत, असे मुद्रकाला लेखी कळवले आहे.

उद्घाटनाला पाव दि केजो आणि मक्याची पामोन्या ठेवणार आहोत. आकाराजे ठेवणार नाही. देन्दे मिळवता आले नाही, आणि साध्या तेलात तळलेल्या चवळीच्या वड्यांना बायानांच्या नैवेद्याचे नाव देणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्याऐवजी पुस्तिकेत चवळी सोलण्यापासूनची संपूर्ण कृती आणि देन्देची अट ठळक अक्षरांत छापली आहे. कारुरूच्या कृतीखाली 27 सप्टेंबरची तारीखही दिली आहे, कारण फलक त्या दिवशी लागलेले असतील आणि बाहियातील मुले त्याच दिवशी जमिनीवरच्या त्या ताटाभोवती बसतील.